ड्राय डेच्या आदल्या रात्री

महाराष्ट्रात १८व्या वर्षी मतदान करता येतं आणि २१व्या वर्षी बिअर पिता येते. त्याच २१व्या वर्षी नगर परिषदेची निवडणूकही लढवता येते. रम-व्हिस्कीसाठी २५ पूर्ण लागतात, आणि योगायोग असा की आमदारकी-खासदारकीचा अर्ज भरायलाही २५च लागतात. म्हणजे नगरसेवक व्हायच्या वयात बिअर आणि आमदार व्हायच्या वयात व्हिस्की. यात भर म्हणजे १९४९चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून जिवंत आहे, त्यामुळे प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हा आपला लाडका शब्द तिथूनच आला.

हे मी कुठल्याही टेबलावर सांगितलं की हमखास हशा पिकतो. मी २८ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये आहे. कायद्याच्या नजरेत मी या देशात काहीही पिऊ शकतो आणि राष्ट्रपतिपदासारखी दोन-चार पदं सोडली तर काहीही होऊ शकतो.

निवडणूक आणि दारू यांचं नातं मात्र वयाच्या अटीपेक्षा खूप जुनं आणि खूप घट्ट आहे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १३५-सी नावाचं एक कलम आहे. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास त्या भागात दारू विकायची नाही. आपण सगळे ज्याला ‘ड्राय डे’ म्हणतो तो हाच. पण कलम नीट वाचलं तर त्यात नुसतं ‘विकणं’ नाही. ‘देणं’ आणि ‘वाटणं’ही आहे. आणि जागा? हॉटेल, खानावळ, दुकान, किंवा कोणतीही सार्वजनिक अथवा खासगी जागा. कायदा लिहिणाऱ्यांना आपले लोक चांगलेच माहीत होते, हे यावरून कळतं.

आता माझ्या गावाबद्दल. वाडी म्हणजे नागपूर नाही, आणि नागपूर नाही असंही नाही. अमरावती रोडने शहराबाहेर पडलात की महानगरपालिकेची हद्द संपते आणि आमची नगर परिषद सुरू होते. ट्रान्सपोर्टची ऑफिसं, गोडाऊनं, ट्रकच्या रांगा, टायर पंक्चरवाले, ढाबे. बाजूला अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी. आमच्या शाळेतल्या वर्गात दोन प्रकारची मुलं असायची. ज्यांचे बाबा फॅक्टरीत होते ती, आणि ज्यांचे बाबा ट्रान्सपोर्टमध्ये होते ती. पहिल्यांच्या डब्यात काय असेल ते महिन्याची तारीख पाहून सांगता यायचं. दुसऱ्यांच्या डब्याचं काही सांगता यायचं नाही.

नोकरीसाठी पुण्यात गेल्यावर मला क्राफ्ट बिअरची गोडी लागली. पुणं त्यासाठी बरोबर जागा आहे. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली. आमच्या टीमचा शुक्रवारचा ठरलेला कार्यक्रम असतो. सहा छोट्या ग्लासांचा ट्रे मागवायचा आणि प्रत्येक घोटावर बोलायचं. गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो, तो यीस्टमुळे. बिअरमध्ये कोणी केळं टाकत नाही. आयपीएचा कडवटपणा हॉप्सचा असतो आणि तो मोजायचं एककही आहे. मला हे मनापासून आवडतं. चार साध्या गोष्टी, म्हणजे पाणी, धान्य, हॉप्स आणि यीस्ट. तापमान पाच अंशांनी बदललं तर हातात वेगळंच काही येतं. कोड लिहिणाऱ्या माणसाला यात मजा न वाटली तर नवल.

२०२४ हे निवडणुकांचं वर्ष होतं. त्यामुळे त्या ट्रेवर राजकारणही यायचं. तेही त्याच पद्धतीने. मतदारसंघ, जातींचं गणित, कोणाची मतं कुठे सरकली, कोणाचा प्रचार भडक, कोणाचा सपक. एकाला लोकसभेच्या ४८ जागांचे आकडे पाठ होते. माझ्याकडे आमचं रामटेक होतं. वाडी हिंगणा विधानसभेत येते आणि हिंगणा रामटेक लोकसभेत. उमेदवाराचा अर्ज जात प्रमाणपत्रावरून बाद होणं, मग त्यांच्या पतीने उभं राहणं आणि जिंकणं, अशी वेब सिरीजला शोभेल अशी गोष्ट माझ्या घरच्या मतदारसंघात घडली होती. पुण्यातल्या टेबलावर ती मी तीन वेळा तरी सांगितली.

त्या नोव्हेंबरमध्ये मी दिवाळीला घरी आलो आणि तिथूनच काम करत राहिलो. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. १८ च्या संध्याकाळी सहाला दुकानं बंद होणार होती. म्हणून १७ तारखेला, रविवारी, आमच्या गच्चीवर बसायचं ठरलं.

आम्ही तिघं होतो. मी. माझा शाळेतला मित्र, जो आता एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिल्ट्या फाडतो आणि निवडणूक आली की बूथचं काम करतो. कोणत्या पक्षाचं ते सोडा, काम सगळीकडे तेच असतं. आणि शेजारचे काका, अंबाझरीच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. मित्र पीत नाही. त्याच्यापुढे स्प्राईटची बाटली होती. काका एरवी रमवाले, पण मी शहरातून गव्हाच्या बिअरचे कॅन आणले होते आणि त्यांना चाखवायचा माझा आग्रह होता.

काकांनी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

“धने टाकले का बे याच्यात?”

मला इतका आनंद झाला की विचारू नका. पुण्यात लोकांना सांगावं लागतं, यांनी पहिल्या घोटात ओळखलं. मी उत्साहाने सगळं सांगितलं. ही बेल्जियमची पद्धत आहे, गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात. होगार्डन नावाच्या गावात ती बंद पडली होती. १९६०च्या दशकात तिथल्या पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली आणि मग ती जगभर गेली.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे संत्रा,” ते म्हणाले. “देशीच तं झाली.”

आम्ही दोघं खो-खो हसलो. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, देशी दारूचा ‘संत्रा’ हा प्रकार आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, न पिणाऱ्यांनासुद्धा. संत्र्यांच्या नागपुरात बसून मी बेल्जियमच्या संत्र्याच्या सालीचं कौतुक सांगत होतो.

मित्र हसला नाही. त्याने स्प्राईटचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाला, “माह्या बापाची हेच होती. संत्रा.”

त्याचे बाबा ट्रकवर होते. आम्ही नववीत असताना ते गेले. कशाने गेले ते वस्तीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्या रात्रीही त्याने विषय तिथेच सोडला आणि खिशातून घडी घातलेले कागद काढले.

ती मतदार यादी होती. तिच्यात त्याच्या वाट्याला दीडशेच्या आसपास नावं आली होती आणि प्रत्येक नावापुढे त्याने पेनाने खूण केली होती. ‘आहे’. ‘बाहेरगावी’. ‘मयत’. तीनच प्रकार. काका त्याला मदत करू लागले. हे आजोबा दिवाळीच्या आधीच गेले. ही मुलगी लग्न होऊन अमरावतीला गेली. हे भाडेकरू आता दत्तवाडीत राहतात. वीस मिनिटं हेच चाललं. आमच्या गल्लीचा इतका अचूक डेटा मी कुठल्याही सर्व्हरवर पाहिलेला नाही.

मग मी विचारलं, “काय वाटते? कोण येते?”

पुण्यातल्या टेबलावर या प्रश्नाला किमान अर्धा तास मिळतो. मित्र म्हणाला, “ते मले काय माहीत? माह्याकडे दीडशे आहेत. त्यातले नव्वद निंघाले पाह्यजे.”

मराठीत ‘मत’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. आपलं म्हणणं तेही मत आणि बटण दाबतो तेही मत. इतर काही भाषांत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे एकच. माझ्याकडे त्या रात्री खूप मतं होती. त्याच्याकडे दीडशे होती, आणि त्याची गणना चालू होती.

गप्पा काकांमुळे पुढे सरकल्या. त्यांचं राजकारण फॅक्टरीपासून सुरू होतं आणि फॅक्टरीपाशी संपतं. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या. अंबाझरी ‘यंत्र इंडिया लिमिटेड’मध्ये गेली, जिचं मुख्यालयही नागपुरातच आहे. त्याच वर्षी, संपाची भाषा सुरू झाल्यावर, संरक्षण उत्पादनात संप करायला मनाई करणारा कायदाही आला. काकांचा मुलगा आत आहे. तो केंद्र सरकारचा नोकर म्हणून लागला. आता तो कंपनीत काम करतो, पण कागदावर प्रतिनियुक्तीवर असलेला सरकारी कर्मचारी आहे. त्या प्रतिनियुक्तीला मुदत असते आणि ती दर वेळी वाढवून मिळते.

“वाढवतील, वाढवतील,” काका म्हणाले. “पन दर वेळेस तारीख जवळ आली का सुनेचा चेहरा पाहतो मी.”

या विषयावर पुण्यात आमची छान चर्चा झाली असती. सरकारने बंदुकीच्या गोळ्या बनवाव्यात का, कार्यक्षमता, स्पर्धा, वगैरे. दोन्ही बाजूंनी मला बोलता येतं. सुनेचा चेहरा हा मुद्दा मात्र मी त्याआधी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

मग ओघाने लाडक्या बहिणीवर आलो. त्या नोव्हेंबरात ते टाळणं अशक्यच होतं. जुलै २०२४ पासून योजना लागू झाली होती, महिन्याला १,५०० रुपये. महायुती म्हणत होती २,१०० करू, महाविकास आघाडी म्हणत होती ३,००० देऊ. मी तिजोरीचा मुद्दा काढला. हा पैसा येणार कुठून? मला वाटलं मित्र पक्षाची बाजू घेईल किंवा विरोध करेल. त्याने दोन्ही केलं नाही.

“माह्या मायले भेटतात ते पैसे,” तो म्हणाला. “माह्या बापानं तीस वर्षं सरकारले दिले. रोज. क्वार्टरच्या क्वार्टर. आता सरकार माह्या मायले महिन्याचे दीड हजार देऊन रायलं. हिशोब अजून बराबर नाई झाला.”

काकांनी कॅन खाली ठेवला. बराच वेळ अमरावती रोडवरचे ट्रकच ऐकू येत होते.

नंतर मी तो हिशोब खरंच करून पाहिला. सवयच आहे. देशातल्या जवळपास प्रत्येक वस्तूवर २०१७ पासून जीएसटी आहे, पण प्यायची दारू त्याच्या बाहेर आहे. तिच्यावरचा कर राज्याचा, राज्याने ठरवलेला, राज्याने वापरलेला. जीएसटीनंतर राज्यांच्या हातात स्वतः फिरवता येतील असे फार थोडे नळ उरले. हा त्यातला मोठा. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, दर वेगळे, लेबलची नोंदणी वेगळी. ‘बिरा ९१’ तुमच्यापैकी अनेकांनी प्यायली असेल. तिच्या कंपनीने आपल्या नावातला ‘प्रायव्हेट’ हा एक शब्द काढला, तर राज्याराज्यांत लेबलांची नोंदणी नव्याने करावी लागली आणि महिनोन्‌महिने विक्री अडकली. २०२३-२४ चा त्यांचा तोटा ७४८ कोटींवर गेला. कोडमध्ये एका व्हेरिएबलचं नाव बदलल्यावर सगळी सिस्टिम पडते ना, तसंच.

आणि विदर्भात हा नळ कधी उघडायचा, कधी बंद करायचा हेच राजकारण असतं. शेजारचा वर्धा जिल्हा गांधींच्या सेवाग्राममुळे कोरडा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. बंदी हवी की नको यावर माझी दोन्ही बाजूंची मतं तयार आहेत. अवैध दारू वाढते, महसूल बुडतो, हे खरं. पण ज्या बायका चालत गेल्या त्या महसुलाचा तक्ता पाहून निघाल्या नव्हत्या, हेही खरं.

२० तारखेला मी मतदान केलं. शाळेची खोली, निळी शाई, बाहेर मित्र टेबल टाकून बसलेला. आम्ही एकमेकांकडे बघितलंही नाही. मतदानाच्या दिवशी तो कोणाचा मित्र नसतो. संध्याकाळी त्याने सांगितलं, त्र्याण्णव निघाले. २३ तारखेला, मतमोजणीच्या दिवशी, पुन्हा ड्राय डे होता. निकाल सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये ज्या रामटेकने काँग्रेसचा खासदार दिला, त्याच रामटेकमधल्या हिंगण्याने पाच महिन्यांत भाजपचा आमदार पुन्हा निवडला. पुण्यातल्या टेबलावर याची सहा स्पष्टीकरणं निघाली. मित्राला विचारलं तर म्हणाला, “लोकसभेले बायका घरी होत्या, यावेळेस उन्हाच्या आधी रांगेत होत्या.” एवढंच. ते संपूर्ण महाराष्ट्राचं उत्तर नसेल, पण त्याच्या दीडशे नावांचं होतं.

तो हिशोब तिथेच थांबला नाही. १० जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावर ते उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीपर्यंत नेलं. देशीवरही वाढलं. वर्षाला १४,००० कोटी जास्तीचे मिळावेत अशी अपेक्षा होती. लाडकी बहीणसारख्या योजनांचा भार पेलण्यासाठी हे चाललंय, अशी चर्चा तेव्हा सगळीकडे होती. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅटही दुप्पट झाला होता, आणि १४ जुलैला राज्यातल्या बारमालकांनी एक दिवस शटर खाली ओढलं.

शुल्कवाढीतून दोन गोष्टी वगळल्या होत्या. वाईन आणि बिअर.

ही बातमी मी बाणेरच्या एका मायक्रोब्रुअरीत, फोनवर वाचली. समोर गव्हाची बिअर होती, साडेतीनशे रुपयांची. तिच्या शुल्काला कोणी हात लावला नव्हता. ट्रक उभा करून अमरावती रोडवरच्या दुकानात जाणाऱ्या माणसाची क्वार्टर महाग झाली होती, आणि त्या वाढीव पैशातून कदाचित त्याच्याच बायकोच्या खात्यात दीड हजार जमा होणार होते. सौम्य मद्याकडे लोक वळावेत म्हणून बिअरवर कमी कर हवा, असं तज्ज्ञ सांगतात. तो मुद्दा मला पटतोही. पण दिवसभर ट्रक चालवणारा माणूस साडेतीनशेच्या धण्या-संत्र्याकडे वळणार नाही, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही.

मी बातमी मित्राला पाठवली. त्याने अंगठा पाठवला. मग थोड्या वेळाने लिहिलं, “बाप राह्यला असता तं आता जास्त दिले असते.”

क्राफ्ट बिअर मी सोडलेली नाही आणि शुक्रवारही सोडलेला नाही. ट्रेवरच्या गप्पा वाईट असतात असंही मला म्हणायचं नाही. चवीने प्यावं आणि चवीने बोलावं, त्यात गैर काय? फक्त आमच्या त्या टेबलावर बसलेल्या सहाही जणांचं निकालाने काहीच बिघडणार नसतं. कोणाची प्रतिनियुक्ती संपणार नसते, कोणाच्या आईचा हप्ता थांबणार नसतो. म्हणून तर गप्पा इतक्या रंगतात. आता तिथे कोणी “काय वाटतं, कोण येईल?” म्हटलं की मी उलट विचारतो, तुझं नाव कुठल्या यादीत आहे? निम्म्यांना माहीत नसतं. जिथे राहतो तिथे नाव घेण्यासाठी फॉर्म ८ भरायचा असतो, ऑनलाइन, दहा मिनिटांचं काम. आत्तापर्यंत दोघांनी भरलाय.

गेल्या डिसेंबरात नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. त्यांचीही एक गोष्टच आहे. ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि वर्षानुवर्षं राज्यभरच्या पालिकांवर प्रशासक बसले. आमची वाडी अपवाद नव्हती. नळाला पाणी नाही आलं तर कोणाच्या दारात जायचं, याचं उत्तर त्या काळात कोणाकडेच नव्हतं. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं. या निवडणुकीवर पुण्यातल्या टेबलाने एक मिनिटही खर्च केला नाही. वाडीच्या प्रभागांची नावं तिथे कोणाला पाठ असणार?

मतदानाच्या पंधरा दिवस आधी मित्राचा फोन आला. मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता.

“यादी आली नवी,” तो म्हणाला. “तुह्या नावापुढं काय लिहू? मागच्या टायमाले ‘बाहेरगावी’ लिवलं होतं, तू दिवाळीले आला म्हणून भेटला.”

“‘आहे’ लिही,” मी म्हणालो.

“लिहितो. पन मंग ये बे.”

त्याच रात्री मी नागपूरचं तिकीट काढलं. वेटिंग बारा होतं, कन्फर्म झालं.